अळ्या मोजायला पोलादपूरला

निफाडकडे मी तीस-एक वर्षं शेतीऔषधांचं दुकान चालवलं. आता मुलगा बघतो. त्या काळात काउंटरच्या पलीकडून इतक्या जणांनी मला गंडवायचा प्रयत्न केला की संशय माझ्या अंगात मुरला. दर हंगामाला कुणीतरी गुळगुळीत दाढीचा माणूस नवी बाटली घेऊन यायचा, आणि हंगाम संपला की बाटलीही दिसायची नाही आणि माणूसही. बायको म्हणते, देवळात हातावर प्रसाद पडला तरी हे आधी वास घेतात. खोटं नाही ते.

त्यामुळे दिवाळीत माझी भाची मृणाल जेव्हा म्हणाली, "मामा, आमच्या औषधाने अळी मरत नाही, फक्त तिला खाल्लेलं पचत नाही," तेव्हा मी फराळाचं ताट बाजूला ठेवून हसलो. अळी मारत नाही आणि त्याला औषध म्हणतात! माझ्या दुकानात मी असं बोललो असतो तर शेतकऱ्याने बाटली माझ्याच डोक्यात घातली असती.

मृणाल पुण्याला एका प्रयोगशाळेत काम करते. कारल्याच्या बियांतून तिने एक अर्क काढला होता आणि त्याची चाचणी पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत, वालाच्या शेतावर व्हायची होती. तिच्या वरिष्ठांनी स्पष्ट सांगितलं होतं की या हंगामात शेतातले आकडे चांगले आले तर काम पुढे जाईल, नाहीतर कपाटात जाईल. दोन वर्षं ती त्याच्यामागे होती. लग्नाचा विषयसुद्धा तिने "मोजणी झाल्यावर" असा ढकलून ठेवला होता.

बहिणीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, तू एकदा जाऊन बघून ये. पोरगी फसत तर नाही ना?" मी जायचं कबूल केलं. खरं सांगायचं तर माझ्या मनात दुसराच प्रश्न होता. आकड्यांवर इतकं अवलंबून असलं की चांगली माणसंही आकडे जरा वाकवतात, हे मी पुष्कळ पाहिलं होतं. पोरगी फसवत तर नाही ना, हे मला बघायचं होतं.

महाड

जानेवारीचा शेवटचा आठवडा. आमच्याकडे त्या दिवसांत द्राक्षात पाणी भरत असतं आणि माणसं दिवसातून चारदा आभाळाकडे बघतात. महाडच्या स्टँडवर उतरलो तर कुणालाच घाई नव्हती. भात कधीच घरात आलं होतं. बाजारपेठेतल्या जुन्या दुकानांच्या भिंतींवर छातीच्या वर एक मातकट रेघ दिसते, पुराच्या पाण्याची. एका दुकानदाराने त्या रेघेच्या बरोब्बर वर लक्ष्मीचा फोटो लावला होता. हा माणूस मला आवडला.

मृणालने चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत खोली घेतली होती. खोलीत एक खाट, एक सूक्ष्मदर्शक आणि सगळीकडे डबे. एका पातेल्यात भिजवून मोड आणलेले वाल होते. ते सोलत सोलत तिने मला सगळं पुन्हा समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं.

"अळीच्या पोटात पाचक रस असतात, आपल्यासारखेच. त्यांतली विकरं दाण्यातली प्रथिनं तोडतात. पण बी काही मूर्ख नसतं. ते आपल्या दाण्यातच असं काहीतरी ठेवतं जे त्या विकरांना जाऊन चिकटतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही."

"वालातही आहे?"

"आहे ना. पण ही अळी पिढ्यानपिढ्या वालच खात आली, ती त्याला सरावली. कारलं ती खात नाही. म्हणून कारल्याचं तिला झेपत नाही."

"आणि आपण वाल खातो ते?"

"शिजवतो की. उष्णतेने ते मोडतं. कच्चे खाऊन बघा."

ती चेष्टेने म्हणाली. मी मात्र पातेल्यातले मूठभर सोललेले वाल उचलले आणि तिच्यासमोर चावून खाल्ले. कडवट लागले. म्हटलं, बघूया तुझं शास्त्र. दोन तासांनी पोटात जी कळ उठली, ती पार सकाळपर्यंत. मृणाल ओव्याचं पाणी आणून देत होती आणि तोंड फिरवून हसत होती. एका माणसाच्या पोटदुखीने काही सिद्ध होत नाही, असं मी तिला कण्हत कण्हत सांगितलं.

सकाळी तळ्याच्या काठाने जरा चाललो तेव्हा बरं वाटलं. चहाच्या टपरीवर दासगावचे एक गृहस्थ भेटले. मृणालला बघून त्यांनी हात जोडले. पहिल्यांदा ती त्यांच्याकडेच शेत मागायला गेली होती म्हणे. "आमी नाय म्हटलं," ते मला म्हणाले, "जिवंत अळी शेतात बघत बसायची म्हंजे काय? डोळ्याला सहन होत नाय." मला ते फार शहाणे वाटले. मी त्यांच्या चहाचे पैसे दिले.

पोलादपूर

पोलादपूरला मिनीडोर, म्हणजे इकडची सहा आसनी रिक्षा, बदलायची होती. गाडी भरेपर्यंत अर्धा तास लागणार होता. मृणाल दोरी आणि पिशव्या घ्यायला गेली आणि मी गुपचूप रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानात शिरलो. दुकानदार दुकानदाराला ओळखतो. पाच मिनिटांत आम्ही हवापाण्यावरून थेट मुद्द्यावर आलो.

"वरच्या वाडीतून कोणी येतं का हो, वालासाठी?"

तो आठवून म्हणाला, "चार दिवसांपूर्वी एक काकी आली होती. तिथलीच. विचारत होती, वास न येणारं अळीचं औषध आहे का. मी दोन-तीन दाखवली. हातात घेतली, फिरवून बघितली, आणि ठेवून गेली."

"घेतलं नाही?"

"माझ्याकडून नाही घेतलं. दुसरीकडून घेतलं असेल तर माहीत नाही."

वास न येणारं! प्रामाणिक माणसाला औषधाला वास आला काय, न आला काय, सारखंच. ज्याला पाहुण्याच्या नाकाची भीती असते तोच असं विचारतो. आणि पाहुणा मी होतो. मिनीडोरमध्ये मृणाल शेजारी बसून डोंगर दाखवत होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, की हिला माहीत आहे का? पाच वर्षांची असताना माझ्या खांद्यावर बसून जत्रेत फिरलेली पोर ती. तिच्याबद्दल असा विचार करताना मला लाज वाटत होती आणि तरी विचार थांबत नव्हता.

वरची वाडी

कशेडी घाटाच्या अलीकडे फाट्यावर उतरून पाऊण तास चढ. मी नवे बूट घालून आलो होतो, म्हणजे अर्धा चढ चाललो आणि अर्धा घसरलो. खाली घाटात चढणाऱ्या ट्रकांचा घरघराट ऐकू येत होता, वर आलो तसा तो विरला. वीस-बावीस घरं, त्यातली निम्मी कुलूपबंद. माणसं मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला ती उघडतात. आमच्याकडे गावातलं घर बंद राहिलं तर लोक कुजबुजतात, इथे कुलपांना तेल घालून ठेवतात.

शेत द्वारकाकाकीचं. साठीच्या आसपासची, हडकुळी, तुरुतुरु चालणारी बाई. नवरा वारलेला, मुलगा घाटकोपरला. भात निघालं की जमिनीत जी ओल राहते तिच्यावर ती वाल पेरते, पाणी न देता. वर्षाचं बिरडं, मुंबईला पाठवायचे वाल आणि पुढच्या वर्षीचं बी, सगळं या एका तुकड्यातून. हा तुकडा तिने मृणालच्या हवाली केला होता, आणि हंगामभर दुसरं औषध मारणार नाही असा शब्द दिला होता.

अंगण ताजं सारवलेलं होतं. दारात रांगोळी. माझ्यासाठी शेजाऱ्यांकडून प्लास्टिकची खुर्ची आणली होती आणि तिच्यावर टॉवेल अंथरला होता. "बसा भाऊ. मृणालने सांगितलंन, मामा औषधातले मोठे मानूस हायत, बघायला येनार." मी बसलो. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि बिरडं पुढे आलं. आमच्या बाजरीच्या भाकरीला एक अधिकार असतो, ती चावावी लागते. ही पांढरी भाकरी न विचारताच घशाखाली जाते. बिरडं मात्र असं होतं की माझ्या पोटाने कालचं सगळं माफ केलं.

जेवताना मी काकीच्या हातांकडे बघत होतो. फवारणी करणाऱ्याचे हात मला कळतात. नखांच्या कडा हिरव्या-काळ्या झालेल्या होत्या, पण औषधाने होतात तशा नाही. कशाने, ते कळेना.

जेवण झाल्यावर शेतात गेलो. शेताचे चार पट्टे. दोन पट्ट्यांच्या काठ्यांना लाल चिंधी, तिथे कारल्याचा अर्क, दर आठवड्याला उन्हं उतरल्यावर फवारलेला. दोन पट्ट्यांना पांढरी चिंधी, तिथे नुसतं पाणी. आज शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची मोजणी होती, कारण शेंगा भरल्या होत्या. मृणालने एका वेलाखाली पांढरं फडकं पसरलं आणि वेल हलक्या हाताने झटकला. मग फडक्यावर वाकली.

एकही अळी नाही.

तिने दुसरा वेल झटकला. नाही. तिसरा, चौथा. तिचा चेहरा उजळेल म्हणून मी बघत होतो, पण तो उतरत चालला. लाल पट्टा संपवून ती पांढऱ्यात गेली. तिथेही फडकं कोरं. तिने शेंगा उलटसुलट करून पाहिल्या. एकाही शेंगेला भोक नाही.

"मामा," ती उकिडवी बसूनच म्हणाली, "हे बरोबर नाहीये. लालमध्ये बारक्या तरी हव्यात. आणि पांढऱ्यात तर गेल्या आठवड्यात दर वेलावर होत्या."

मला वाटलं, आली वेळ. मी पान खुडून चोळलं, वास घेतला. नुसता वालाचा हिरवा वास. पानाच्या मागची बाजू पाहिली, डाग नाही, पूड नाही. पण मग एका पानाच्या बेचक्यात एक कोळी जाळं विणत बसलेला दिसला. त्याच्या खाली मुंग्यांची रांग, आणि दोन ढालकिडे मावा खात होते. जे औषध अशा सगळ्या अळ्या साफ करतं, ते मारलेल्या शेतात असा कोळी निवांत बसत नाही, एवढं मला माझ्या धंद्याने शिकवलं आहे. म्हणजे औषध मारलेलं नव्हतं. आणि अळ्या तर नव्हत्या. इतक्या वर्षांत असं शेत मी पाहिलं नव्हतं, आणि जे कधी पाहिलं नाही त्याचा मला सगळ्यात जास्त संशय येतो.

"तूच काही केलंस का?" मी विचारलं.

मृणालने माझ्याकडे वर पाहिलं. मग ती फडक्याची घडी घालायला लागली. तिचं ते बघणं मला आजही आठवतं.

पोपटी

चार वाजता अंगणापलीकडच्या खाचरात पोपटी लावली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मातीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या ताज्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे चार अंडी, वर पुन्हा पाला कोंबून तोंड बंद. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. आत पाण्याचा थेंब नाही, शेंगा स्वतःच्याच ओलीत शिजतात. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते चर्रकन उडालं की झाली. आमच्याकडे हुरडा असतो, पण त्याला इतकी कलाकुसर नाही.

शेजारच्या दोघीजणी आल्या होत्या. पाल्याच्या वासाने माझं मन जरा सैल झालं. काकीने गरम शेंगांचा ढीग माझ्यापुढे सारला आणि डोळे बारीक करून विचारलं, "मग, कशी वाटली शेती? एक तरी अळी दिसली का?"

"नाही दिसली," मी म्हणालो.

"दिसनार कशी!" ती आणि त्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

मृणालने हातातली शेंग खाली ठेवली. "काकी, काय केलंत?"

"काय केलं म्हंजे? पाव्हनं येनार म्हनून अंगन सारवलं, तसं शेत पन साफ केलं. दोन दिस आमी तिघी वेचत होतो. एकूनेक अळी. किडक्या शेंगा खुडून गुरांना घातल्या. म्हटलं, पोरीचा मामा येतोय, एवढा मोठा मानूस, आनि शेतात अळ्या वळवळतायत! तुजी काय इज्जत ऱ्हायली असती गो?"

"तुम्ही दुकानात औषध विचारायला गेला होता," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते निघूनच गेलं.

काकी जराही चपापली नाही. "गेलेली. पयला तोच इचार आला. पन हातात बाटली घेतली आनि पोरीला दिलेला शबूद आठवला. औषध मारनार नाय असं बोलले होते. हातानं वेचू नको असं तिनं कुठं सांगितलेलं?"

तिच्या नखांच्या काळ्या कडा मला आता समजल्या.

"अळ्यांचं काय केलंत?" मृणालचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"कोंबड्यांना घातल्या. ती पन गंमत ऐक. पांढऱ्या चिंधीकडच्या ह्या अशा," काकीने करंगळीचं पेर दाखवलं, "जाड, गुबगुबीत. कोंबड्या तुटून पडल्या. आनि लाल चिंधीकडच्या तांदळाच्या दान्याएवढ्या, मरगळलेल्या. कोंबड्यांना चोचीत धरता येईनात. ही शेवंता बोलली, ह्या उपाशी मरतायत वाटतं."

शेवंताने मान हलवली. तिसरी म्हणाली, तिनेही पाहिलं.

मी मृणालकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. दोन वर्षं जे बघायची ती वाट पाहत होती ते या तिघींनी पाहिलं होतं, आणि ते सगळं आता कोंबड्यांच्या पोटात होतं. आणि तिथे ते बरोबर पचलंही होतं.

माझ्यातला दुकानदार जागा झाला. "अगं, रडतेस काय? लिही. तीन साक्षीदार आहेत. गेल्या आठवड्याचा आकडा आहे तुझ्याकडे, त्यावरून अंदाज बांध. पांढऱ्यात इतक्या, लालमध्ये इतक्या. कोण येतंय इथे बघायला?"

बोलून झालं आणि मी काय बोललो ते माझंच मला ऐकू आलं.

मृणालने वही मांडीवर घेतली होती. ती शांतपणे म्हणाली, "मामा, मोजलेलं नाही ते मी कसं लिहू?" आणि तिने त्या दिवसाच्या पानावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. मधे लिहिलं, मोजणी रद्द. खाली कारणही लिहिलं, खरं ते, की पाहुणा येणार म्हणून अळ्या हाताने वेचल्या गेल्या. पाहुण्याचं नाव लिहिलं नाही.

तिची चोरी पकडायला मी निफाडहून थेट कोकणात आलो होतो. आकडा वाकव असं त्या अंगणात फक्त एका माणसाने सुचवलं होतं, आणि तो मी होतो. मला इतकी लाज वाटली की हातातली शेंग सोलायचंही भान राहिलं नाही.

काकीला हळूहळू कळत गेलं. तिचा चेहरा पडला. "माज्यामुळं झालं का गो?"

"नाही काकी," मृणाल म्हणाली, "माझ्यामुळे. वेचू नका असं मी सांगायला हवं होतं."

"माझ्यामुळे," मी म्हणालो. पण ते इतक्या हळू म्हणालो की कुणी ऐकलं की नाही कोण जाणे.

परत

दुसऱ्या दिवशी उतरताना मृणालने माझा हात धरला होता, बुटांमुळे. अर्ध्या वाटेवर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मामा, संशय घेतलात ते ठीक आहे. आमच्या कामात तोच तर लागतो. फक्त विचारायच्या आधी जरा वेळ थांबायचं असतं." माझ्यापेक्षा छत्तीस वर्षांनी लहान पोर मला हे सांगत होती, आणि मी ऐकून घेतलं.

प्रयोगशाळेने काम थांबवलं. अपुऱ्या आकड्यांवर पुढे जाता येत नाही, असं कळवलं. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

द्वारकाकाकीने मात्र थांबवलं नाही. यंदा भात निघाल्यावर तिने स्वतःहून फोन करून मृणालला बोलावलं, चार पट्टे आखले, लाल-पांढऱ्या चिंध्या बांधल्या, आणि अळीला हात लावायचा नाही असं आख्ख्या वाडीला बजावलं. मृणाल रजा टाकून दर आठवड्याला जाते. मलाही पोपटीचं आमंत्रण आलं आहे. काकीने मुद्दाम फोनवर येऊन सांगितलं, "भाऊ, यायचंच. पन मोजनी झाल्यावर या."